40 गुंठे देऊन 20 घेताना

मुळशी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या शेताचा फाळणी नकाशा उघडून पाहावा. आजोबांच्या नावावरचा सलग तुकडा मुलांत वाटला गेला, मग नातवंडांत. आता एकेकाच्या वाट्याला उरली आहे ती रस्त्यापासून आत गेलेली लांबलचक, चिंचोळी पट्टी. सात-बारावर नाव आहे, पण शेतात जायचं तर दुसऱ्याच्या बांधावरून. जवळच हिंजवडी आयटी पार्कच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि या पट्टीवर रीतसर घर बांधायला पोहोचरस्ता नाही. असा मालक एकटा काय करणार? मिळेल त्या भावात सगळं बिल्डरला देतो, नाहीतर गुंठ्या-गुंठ्याने विकत सुटतो. मग आधी घरं उभी राहतात आणि रस्ता, गटार, शाळा, मैदान यांची शोधाशोध नंतर सुरू होते.

ही गाठ सोडवायला मालकांना एकत्र आणणारा कोणीतरी लागतो. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेलं ‘पीएमआरडीए’, 31 मार्च 2015 रोजी स्थापन झालं. मुळशी तालुक्यातल्या माण आणि म्हाळुंगे इथल्या सुमारे 250 हेक्टर जमिनीसाठी त्याने नगररचना योजना हाती घेतली. गावात तिला ‘टीपी स्कीम’च म्हणतात.

हिशेब असा. योजनेच्या हद्दीतल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र केल्या जातात, जुने बांध क्षणभर पुसले जातात आणि नवा आराखडा मांडला जातो. 40 गुंठ्यांच्या मालकाला त्यातून साधारण 20 गुंठे परत मिळतात. मात्र तो भूखंड चौकोनी असतो, रस्त्याला लागून असतो आणि पाणी-वीज-सांडपाण्याची सोय त्याच्यापर्यंत येणार असते. उरलेल्या निम्म्या जागेत रस्ते, उद्यानं, शाळा, दुर्बल घटकांची घरं बसवायची आणि काही भूखंड विकून खर्चाला पैसा उभा करायचा. जमिनीची जी किंमत वाढते, तिच्यातला काही हिस्साही मालकाकडून घेता येतो, पण तो वाढीच्या निम्म्याहून जास्त नसावा, असं कायदा सांगतो.

‘निम्मी जमीन गेली’ हे ऐकताना शेतकऱ्याच्या पोटात कालवतं, आणि ते साहजिक आहे. पण भूसंपादनात सगळीच जमीन जाते आणि हातात एकदाच पैसा येतो. इथे मालक मालकच राहतो. त्याने ती जागा ठेवावी, बांधावी की विकावी, हे त्याचं तो ठरवतो.

ही पद्धत परकी नाही. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यातून ती आली. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले इथल्या पत्त्यांमध्ये ‘टीपीएस’ ही अक्षरं अजून दिसतात ती त्यामुळेच. पुढे महाराष्ट्रात विकास आराखडा आणि संपादनावर भर राहिला. अहमदाबादने मात्र टीपी स्कीम सोडली नाही. आपल्याच घरातली वस्तू शेजाऱ्याने जपली आणि आपण ती माळ्यावर टाकून विसरलो, असं इथे म्हणावंसं वाटतं. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात तिची तरतूद होतीच.

मुळशीत जमिनीचा विषय निघाला की 1921 आठवतंच. टाटांच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी घेतल्या जात होत्या. त्या वर्षी रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यातून. धरण झालंच. त्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी वरसगाव धरणाच्या काठी लवासा हे खासगी शहर उभं राहू लागलं. तिथे 2008 मध्ये ते बांधणाऱ्या कंपनीलाच नियोजन प्राधिकरणाचे अधिकार देण्यात आले होते. 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, 2017 मध्ये ते अधिकार पीएमआरडीएकडे आले आणि पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्याला जागा विकायची आहे त्यालाच नकाशा मंजूर करण्याचा शिक्का देणं चूक होतं.

शेतकरी स्वतःहून एकत्र येऊ शकतात, हे हडपसरच्या मगरपट्ट्याने दाखवलं. 120 हून अधिक कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भाग घेतले. पण तिथे बहुतेक जण एकाच भावकीतले होते आणि पुढाकार घेणारं माणूस घरातलंच होतं. शेकडो अनोळखी खातेदार असतील, सामाईक सात-बारे असतील, वारसनोंदी अडकल्या असतील, तिथे असा मेळ आपोआप बसत नाही. तिथे मोजणी करून देणारं आणि सगळ्यांना एकच माप लावणारं सरकारी प्राधिकरणच लागतं.

प्राधिकरणाची खरी परीक्षा वेळेत आहे. शेती थांबली आणि रस्ता आला नाही, तर मधली वर्षं शेतकऱ्याच्याच अंगावर पडतात. माण ते शिवाजीनगर या सुमारे 23 किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं आणि ती उभारण्याचं कामही याच प्राधिकरणाकडे आलं. मेट्रोच्या टोकाला जमिनीचे भाव चढतात, तसा अर्ध्यावरच्या योजनेबाहेर निघण्याचा मोहही वाढतो.

आणि ज्यांचा सात-बाराच नाही त्यांचं काय? मुळशीतल्या कातकरी वाड्यांमधली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीवर राहत आली आहेत. भूखंडांची अदलाबदल मालकांमध्ये होते. त्या यादीत यांचं नाव येणारच नाही. योजनेतली 10 टक्क्यांपर्यंत जागा दुर्बल घटक आणि विस्थापितांच्या घरांसाठी ठेवता येते. ती घरं कोणाला मिळणार हे आराखडा मांडतानाच वाडीत जाऊन ठरायला हवं, इमारत उभी राहिल्यावर नव्हे.

खातेदाराच्या हातात मात्र एक गोष्ट असते. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की हरकतीसाठी 30 दिवस मिळतात. ही प्रारूप योजना मंजूर झाल्यावर लवाद नेमला जातो आणि तो अंतिम भूखंड, त्याची हद्द व रक्कम ठरवतो. त्या सुनावणीला जाताना वारसनोंद झालेला सात-बारा, फाळणी नकाशा आणि विहीर, झाडं, घर यांची लेखी यादी जवळ असावी, आणि दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घेतलेली असावी.