वर्गाबाहेर वाढलेली भाषा

१८८०च्या सप्टेंबरात इटलीतल्या मिलान शहरात परिषद भरली. बधिर मुलांना खुणांनी नव्हे, तोंडी बोलूनच शिकवावं, असा ठराव तिथे झाला. ठराव करणाऱ्यांत बधिर माणूस जवळजवळ नव्हताच. पाचेक वर्षांनी बिशप लिओ म्यूरिन यांनी माझगावात मूकबधिरांची शाळा काढली. देशातली पहिली म्हणून तिचं नाव घेतात. पुढे ठिकठिकाणी अशा शाळा निघाल्या, पण बहुतेकींवर छाप मिलानचीच. ओठ वाचा, उच्चार घोटा, हात खाली. खुणांची भाषा वाढली ती मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे.

ही नुसती हातवाऱ्यांची सोय नाही, हे अभ्यासातून पुढे यायला शतक लोटलं. १९७७पासून मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूरच्या खुणा तपासल्या. शब्द शहरागणिक काहीसे बदलत होते, व्याकरण मात्र सारखं निघालं. वसिष्ठ स्वतः बधिर. मला हे फार मोलाचं वाटतं. १९८३मध्ये वांद्रे रेक्लमेशनला श्रवणबाधितांसाठीची अली यावर जंग संस्था उभी राहिली, तरी तिथे या भाषेचे रीतसर वर्ग सुरू व्हायला २००१ उजाडलं.

मुंबईचे बधिर काही त्यासाठी थांबले नव्हते. त्यांचा कट्टा लोकलमध्ये भरत होता. मढच्या माणसानेही फेरीबोटीने वर्सोवा आणि तिथून अंधेरी गाठायची, की अपंगांच्या डब्यात त्याला आपली माणसं भेटायची. कोणती गाडी धरायची हे मित्रांत आधीच ठरलेलं. लग्नं, नोकऱ्या, भांडणं, साऱ्या बातम्या तिथेच. गप्पा रंगल्या तर आपलं स्टेशन खुशाल जाऊ द्यायचं. अ‍ॅनेलीस कुस्टर्स या बधिर बेल्जियन संशोधिकेने या डब्यांवर २००९मध्ये लेख लिहिला. एरवी गर्दीपलीकडे काही न दिसणाऱ्या आपल्या लोकलची ही बाजू बाहेरच्या बाईने टिपावी, याची थोडी लाजच वाटते.

सरकार मग जागं झालं. २०१५मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन केंद्र निघालं, २०१६च्या दिव्यांग कायद्यात सांकेतिक भाषेचा उल्लेख आला, २०२१पर्यंत शब्दकोश १०,००० शब्दांवर गेला. मिलानच्या ठरावाबद्दल २०१०मध्येच व्हँकुव्हरच्या बधिर-शिक्षण परिषदेत खेद व्यक्त झाला होता. दक्षिण आफ्रिकेने २०२३मध्ये आपली सांकेतिक भाषा बारावी अधिकृत भाषा केली. आपल्याकडे तीच मागणी अजून निवेदनांत आणि मोर्चांत आहे.