‘पर्णकुटी’तल्या कुलगुरू

दिवाळीच्या सुट्टीत जालन्याच्या स्टेशनावर अर्धा तास उभे राहावे. मनमाडकडून गाडी येते आणि डब्याडब्यांतून मुली उतरतात. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पुस्तकांची पिशवी. कोणी इंजिनिअरिंगला, कोणी नर्सिंगला, कोणी एम. ए.ला. न्यायला आलेले वडील पिशवीला हात घालतात, तर लेक म्हणते, “राहू द्या बाबा, मी घेते.” ‘जालना, सोने का पालना’ असे म्हणतात खरे, पण या पाळण्यातली पोर कॉलेजात जाईल, हे तिच्या पणजीला सांगितले असते तर ती पदर तोंडाला लावून हसली असती!

पणजीच्या काळी जालना निजामाच्या राज्यात होते. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, पण तिथले शिक्षण उर्दूतून. मराठी घरातल्या मुलीपुढे दोन भिंती होत्या : एक घराच्या उंबरठ्याची, दुसरी परक्या भाषेची.

यातली दुसरी भिंत पाडण्याचे काम पुण्याकडे एका प्रोफेसरांनी आरंभले होते. जपानातल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून. पदव्यांची नावेही घरची : बी. ए.च्या जागी ‘गृहीतागमा’, एम. ए.च्या जागी ‘प्रदेयागमा’. लोकांनी थट्टा केली. अण्णासाहेब मात्र झोळी घेऊन फिरतच राहिले.

१९२० साली या झोळीत मोठे दान पडले. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातुःश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव मिळाले. पुढे दोनच वर्षांत, १९२२ साली, विठ्ठलदास वारले. मागे राहिल्या प्रेमलीलाबाई. जन्म १८९४ चा. म्हणजे वय अवघे अठ्ठावीस.

वाचकहो, क्षणभर त्या काळात जाऊन पाहा. तरुण विधवा, घरात अमाप पैसा, दाराशी गाडी. देवदर्शन आणि जपमाळ यांत उरलेले आयुष्य काढले असते तर कोणी नाव ठेवले नसते. उलट कौतुकच झाले असते. दान देणाऱ्याच्या घरची माणसे पुष्कळदा दारावरच्या पाटीवर समाधान मानतात. प्रेमलीलाबाईंनी तसे केले नाही. पतीने पैसा दिला होता; त्यांनी स्वतःची वर्षे दिली.

पुण्यात येरवड्याच्या टेकडीवर त्यांचा बंगला होता. नाव ‘पर्णकुटी’. नाव झोपडीचे, वास्तू राजवाड्यासारखी! पण या वास्तूने पाहुणाही असा पाहिला की तिच्या नावाचे सार्थक झाले. ८ मे १९३३ रोजी गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले. त्याच दिवशी सरकारने त्यांना सोडले आणि ते ‘पर्णकुटी’त आले. २९ मे रोजी उपोषण सुटले, तेव्हा संत्र्याच्या रसाचा पेला प्रेमलीलाबाईंनीच पुढे केला. पुढच्याच महिन्यात देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचे लग्नही याच घरात लागले. ब्राह्मण मुलगी, वैश्य मुलगा. त्या दिवसांत ही लहान गोष्ट नव्हती.

इकडे विद्यापीठापुढे एक जुने दुखणे होते. मुलगी मन लावून अभ्यास करी, ‘गृहीतागमा’ होई, आणि नोकरीचा अर्ज घेऊन गेली की ऐकून घेई : “ही पदवी सरकारमान्य नाही.” कष्ट तेच, पुस्तके तीच, पण कागदाला किंमत नाही. वडिलांनी पदरमोड करून शिकवलेल्या मुलीला काय वाटत असेल!

१९३६ साली विद्यापीठाचे ठाणे मुंबईला हलले. १९५१ साली त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. कागदाला किंमत आली. या मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या प्रेमलीलाबाई ठाकरसी. ज्या काळी बाईच्या हाती घरच्या किल्ल्या आल्या तरी मोठी गोष्ट, त्या काळी एका विद्यापीठाच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. आता बायकांचे विद्यापीठ कोणत्याही बाबतीत उणे नाही, हे दाखवून द्यायचे होते.

जुहूला सर विठ्ठलदासांच्या नावाचे गृहविज्ञान महाविद्यालय आहे. गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाकाचा वर्ग, असे कोणी समजू नये. अन्नातली प्रथिने, मुलाची वाढ, कापडाचा धागा, घराचा जमाखर्च, या साऱ्यांमागचे शास्त्र तिथे शिकवतात. आजीने अनुभवाने जे जाणले, ते नातीने प्रयोगशाळेत तपासून पाहायचे!

कस्तुरबा स्मारक ट्रस्टचे अध्यक्षपदही प्रेमलीलाबाईंनी सांभाळले. १९७५ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९७६ साली जुहूला त्यांच्या नावाचे तंत्रनिकेतन निघाले आणि १९७७ साली त्यांनी जगाचा निरोप घेतला. त्याच विद्यापीठाच्या कुलगुरुपदावरून गेलेल्या माधुरीबेन शहा १९८१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षा झाल्या. उघडलेले दार असे पुढच्या बाईला उपयोगी पडते.

आमच्या मराठवाड्याला आपले विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडले. जालना जिल्हा तर १९८१ चा. प्रेमलीलाबाईंनी जालना पाहिले की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा नाही. स्टेशनावर उतरणारी ती लेक आपली पिशवी स्वतः उचलते, आणि तिच्या पदवीला “ही चालत नाही” असे म्हणण्याची आज कोणाची प्राज्ञा नाही. यंदा भाऊबीजेला तिच्या ताटात ओवाळणी घालताना त्या अठ्ठावीस वर्षांच्या विधवेची आठवण ठेवावी, इतकेच.