आरोपीच्या बाजूने उभे राहिलेले वकील

“पोलिसांनी उचलले म्हणजे काहीतरी केलेच असेल.” हे वाक्य दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले की आपल्याला राग येतो, पण शेजारच्या गल्लीतला मुलगा पकडला गेला की तेच आपल्या ओट्यावरही बोलले जाते. त्याच्या घरी जाणे-येणे बंद होते, त्याचा खटला घेणारा वकीलही संशयित ठरतो. मरहूम ॲड. शाहिद आझमी यांनी आपली उणीपुरी सात वर्षांची वकिली अशाच लोकांसाठी वेचली.

१९७७ मध्ये जन्मलेले शाहिद मुंबईच्या देवनार-गोवंडी भागात वाढले. १९९२-९३ च्या दंगलींनी कोवळ्या वयातच ते हादरले आणि भरकटलेही. काश्मीरमधील अतिरेक्यांच्या छावणीपर्यंत जाऊन ते परत आले. हा भाग गाळून त्यांची कहाणी सांगणे आम्हाला योग्य वाटत नाही. १९९४ मध्ये टाडाखाली अटक झाली. तिहार तुरुंगात त्यांनी पदवीचा अभ्यास केला, २००१ मध्ये सुटले, कायदा शिकले आणि २००३ पासून न्यायालयात उभे राहू लागले. २००२ च्या घाटकोपर बस बॉम्बस्फोट खटल्यात पोटाखालील आरोपी निर्दोष सुटले, तेव्हा त्यांचे नाव झाले.

असे खटले अवघड का, हे घरच्यांनी समजून घ्यावे. नेहमीच्या कायद्यात पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. टाडा आणि पोटा यांत मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य धरला जात असे, आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या मकोकात तो आजही ग्राह्य धरला जातो. मग वकिलाला कागदन् कागद तपासावा लागतो.

२६/११ च्या खटल्यात फहीम अन्सारी यांचे वकीलपत्र शाहिद यांनी घेतले. त्या दिवसांत असे वकीलपत्र घ्यायला छाती लागत होती. फहीम यांनी काढलेला नकाशा ठार झालेल्या अबू इस्माईलच्या खिशात सापडला, असा आरोप होता. कपडे रक्ताने भिजलेले, मग खिशातल्या कागदावर डाग कसा नाही? निकाल ऐकायला शाहिद राहिले नाहीत. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून त्यांचा खून झाला. वय अवघे ३२. ३ मे रोजी फहीम निर्दोष ठरले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केले. बार असोसिएशनने आरोपीचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव करणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या प्रकरणात सांगितले, तेही २०१० च्या डिसेंबरात.

जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातही ते आरोपींचे वकील होते. त्यातले वाहिद शेख हे शाळेतले शिक्षक. नऊ वर्षे तुरुंगात काढून २०१५ मध्ये ते निर्दोष सुटले. उरलेल्या १२ जणांपैकी पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप झाली. त्यांतले काही आपल्या अमरावतीच्या तुरुंगातही होते. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. एकाचा २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने इंतेकाल झाला होता. सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. लोकलमध्ये १८० हून अधिक माणसे गेली. त्यांच्या घरच्यांना खरा गुन्हेगार कोण, हे १९ वर्षांनंतरही कळलेले नाही. चुकीचा माणूस आत जातो तेव्हा त्यांचेही नुकसान होतेच.

धामणगावात दहावी-बारावीच्या मुलांना पुढे काय म्हणून विचारले, तर डी.फार्म, नर्सिंग, पोलीस भरती अशी उत्तरे येतात. वकिलीचे नाव निघाले की वालिद म्हणतात, “झूठ का धंदा है.” आम्हाला हे पटत नाही. बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे, त्याआधी सीईटी. विधी महाविद्यालय अमरावतीतच आहे. आणि आज कोणाच्या घरी प्रसंग ओढवलाच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.