आधी कौंडण्यपूर, मग पंढरपूर

नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि रुक्मिणीमातेच्या दर्शनाला वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरला निघायचं. अमरावतीहून ते सुमारे ४० किलोमीटर. इंजिन रुळवायला असाच रस्ता उत्तम, कारण गावं, वळणं, गतिरोधक यांमुळे वेग सतत बदलतो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासूनच नीट बसतात. त्या बसल्या नाहीत तर इंजिन पुढे ऑईल खातं. गाडी दारात नुसती चालू ठेवून ते साधत नाही.

पहिले १,००० किलोमीटर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका, वरच्या गिअरमध्ये गाडी रखडवू नका, एकाच वेगानं तासन्‌तास पळवू नका. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२०ची मुभा आहे, पण तो मोह सध्या आवराच. नवे ब्रेकही करकचून दाबू नयेत. अर्थात समोर गुरं आली तर गोष्ट वेगळी! हार घालताना रेडिएटरपुढची जाळी झाकू नका.

पंढरपूरला निघण्याआधी पहिली सर्व्हिसिंग उरकून घ्या. निघायच्या सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागी डिपस्टिक पुसून ऑईलची पातळी स्वतः पाहा.