बिलगावचं बेट आणि वायरमनचे दोन सेकंद

२००३ च्या जानेवारीत धडगाव तालुक्यातल्या बिलगावात १५ किलोवॉटचं जनित्र फिरू लागलं. नर्मदा बचाओ आंदोलनाचा पुढाकार, केरळच्या तरुण अभियंत्यांचं ज्ञान आणि गावकऱ्यांचं श्रमदान यांतून ते उभं राहिलं होतं. सरकारी लाइन तिथं पोचलेली नव्हती. वीज त्यांची, ताराही त्यांच्याच. जनित्र थांबवलं की गावातली तार बंद. ग्रिडपासून तुटलेलं, विजेचं एक बेटच ते. २००६ च्या पुरानं ते सारं गिळलं, याची हळहळ मला अजून वाटते.

पुढे महाराष्ट्रात २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम आले, २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली, आणि नंदुरबार-शहाद्याच्या गच्च्यांवरूनही वीज उलट्या दिशेनं लाइनवर येऊ लागली. आता असं बेट नकळतही तयार होऊ शकतं. सबस्टेशनातून फीडर बंद केला, पण पलीकडची सौरवीज आणि तिथला वापर नेमका जुळला, तर तेवढा तुकडा चालूच राहतो. आणि लाइन बंद असल्याचं परमिट घेतलेला वायरमन त्याच खांबावर चढतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार अशा वेळी सौर यंत्रणेनं दोन सेकंदांत लाइन सोडायची असते. फ्रिक्वेन्सी ४७.५ ते ५०.५ हर्ट्झच्या बाहेर गेली की ०.२ सेकंदांत. शिवाय सौरवीज लाइनला जोडणारा इन्व्हर्टर मधूनमधून फ्रिक्वेन्सीला हलकासा धक्का देऊन बघतो. पाठीशी ग्रिड असेल तर फ्रिक्वेन्सी जागची हलत नाही. नसेल तर भरकटते, आणि इन्व्हर्टर बाजूला होतो.

खरी गडबड होते ती सेटिंगमध्ये. इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यावर देश निवडायचा असतो, त्यावरून या मर्यादा ठरतात; घाईत तो कधी दुसराच राहून जातो. उन्हाच्या भर दुपारी लाइनच्या टोकाला व्होल्टेज चढतं, इन्व्हर्टर सारखा ट्रिप होतो, ग्राहक वैतागतो. मग बसवणारा मर्यादाच सैल करून मोकळा होतो. हे मला अजिबात मान्य नाही. वायर बारीक आहे का, जोड ढिला आहे का, डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप कुठे आहे, हे आधी बघायला हवं.

तोवर वायरमनचा भरवसा त्याच्या डिस्चार्ज रॉडवरच. परमिट हातात असलं तरी तो आधी टेस्टर लावतो, रॉडचं एक टोक अर्थिंगला घट्ट आवळलंय की नाही ते ओढून बघतो, आणि मगच एकेक करून तिन्ही फेजना हुक अडकवतो.