कुलूप भक्कम, किल्लीचे काय?

फिल झिमरमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९१ साली ‘पीजीपी’ ही प्रणाली खुली केली आणि सरकारे व सेनादले यांच्यापुरती राहिलेली गुप्तलेखनाची विद्या सामान्य माणसाच्या हाती आली. त्यापायी १९९३ ते १९९६ अशी तीन वर्षे त्यांच्यामागे शासकीय चौकशीचा ससेमिरा लागला. अखेर आरोप न ठेवताच ती गुंडाळण्यात आली. टपालाचे पाकीट चिकटवण्यात कोणाला गैर वाटत नाही, मग ई-मेलचेच का वाटावे, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता.

तथापि कुलूप भक्कम असले, तरी त्याची किल्ली वापरणाऱ्याच्याच संगणकात एका फाइलीत राहते. तिच्यावर पहारा असतो तो परवलीच्या वाक्याचा. बँकेच्या यंत्रावर काही वेळा आकडा चुकला की कार्ड अडते. येथे तसे नाही. फाइल चोरणारा संगणकाकरवी कोट्यवधी अंदाज निवांतपणे करू शकतो. म्हणूनच वाक्य लांब हवे. शिवाय ते विसरले, तर नवे देणारी कचेरी कोठेही नाही. जुनी पत्रे कायमची बंद!

या धास्तीने माणूस एक तर मुलाचे नाव नि जन्मसाल जोडून मोकळा होतो, किंवा उघडीच पत्रे पाठवतो. एडवर्ड स्नोडेन यांनी २०१२ च्या अखेरीस पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांना ही प्रणाली वापरण्याची विनंती केली होती. किचकट वाटल्याने ते काम लांबणीवर पडले आणि फार मोठी बातमी हातची जाता जाता राहिली. गैरसोय हीदेखील एक असुरक्षितताच होय.

मध्यममार्ग मात्र आहे. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेल्या रीतीनुसार फासा पाच वेळा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निवडावा, आणि असे सहा शब्द जुळवावेत. त्यांच्या संभाव्य जुळण्या दोनावर तेवीस शून्यांहून अधिक. तरीही ते चार दिवसांत पाठ होतात. तोवर ते कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवण्यात काही पाप नाही; कचेरीतल्या मेजावर चिकटवण्यात आहे. ‘जीएनयूपीजी’ ही प्रणाली दिलेले वाक्य शेवटच्या वापरानंतर सामान्यतः दहा मिनिटे ध्यानात ठेवते. ही मुदत दिवसभराची करणे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवून ठेवणे.

जे वाक्य रोज निमूटपणे वापरले जाईल, तेच खरे सुरक्षित. पेलवत नाही असा पहारा अखेर झोपीच जातो.