नळाच्या पाण्यात होणारे बदल व त्यांचा अर्थ

रत्नागिरीच्या किनारपट्टीवर दरवर्षी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. शास्त्री नदी जेथे समुद्रास मिळते त्या जयगड खाडीच्या काठची गावे एका अंगास खारे पाणी व दुसऱ्या अंगास जांभ्याचा सडा अशा स्थितीत वसलेली आहेत. त्यामुळे येथील पाण्याचे रूप ऋतुमानाप्रमाणे बदलत असते. पूर्वी विहिरीवर पाणी शेंदताना पातळी किती खाली गेली, पाणी गढूळ झाले काय, हे गृहिणीस प्रत्यक्ष दिसत असे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाल्यापासून ग्रामीण भागात घरोघरी नळ देण्याच्या कामास गती आली. ही सोय मोठीच आहे. परंतु नळाच्या तोटीमागे उद्भव, टाकी व नळमार्ग यांत काय चालले आहे हे घरात बसून दिसत नाही. पाण्याच्या रंगात, वासात किंवा चवीत पडलेला फरक हाच काय तो त्यांच्याकडून आलेला निरोप होय. तो निरोप बरोबर वाचता यावा, हा या लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डोळ्यांना दिसणारा प्रत्येक दोष घातक नसतो आणि घातक दोष पुष्कळदा डोळ्यांना दिसतच नाही. तांबूस पाणी पाहून घाबरणारे कुटुंब काचेसारखे निर्मळ, पण रोगजंतूंनी भरलेले पाणी निःशंकपणे पिते. म्हणून बदल दिसताच तीन प्रश्न विचारावेत : हा बदल केव्हा दिसतो, कोठे कोठे दिसतो आणि किती वेळ टिकतो? फक्त आपल्याच घरी असेल तर दोष घरच्या टाकीत वा नळीत शोधावा. एका वाडीपुरता असेल तर त्या वाडीच्या नळमार्गात. आणि साऱ्या गावात असेल तर उद्भवात किंवा गावच्या टाकीत.

दुधासारखे पांढरे पाणी

पाणीपुरवठा ठरावीक वेळीच होतो तेथे नळी मधल्या काळात रिकामी राहते व तीत हवा शिरते. पाणी सुटताच ही हवा दाबाखाली पाण्यात मिसळते आणि पाणी दुधाळ दिसते. असे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन स्वस्थ ठेवावे. तळाकडून वरच्या दिशेने ते एकदोन मिनिटांत स्वच्छ होत गेले, तर ती केवळ हवा समजावी. उलट वरून स्वच्छ होऊन तळाशी साका बसला, तर त्यात माती किंवा चुना आहे असे समजावे.

तांबूस पाणी व काळा पडणारा चहा

जांभा दगड लोहाने समृद्ध आहे. त्याचा तांबडा रंग त्यामुळेच आला आहे. युगानुयुगे पडलेल्या पावसाने त्यातील चुन्याचा अंश धुऊन नेला आहे. म्हणून जांभ्यातून झिरपणारे पाणी सामान्यतः मृदू व किंचित आम्लधर्मी असते. अशा पाण्यात साबणास फेस चांगला येतो, परंतु ते जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्यांना हळूहळू खाते. प्रथम मुलामा जातो व नंतर लोखंड गंजू लागते.

तांबूस रंग नळीच्या गंजाचा की उद्भवातील लोहाचा, हे ओळखणे सोपे आहे. सकाळचे पहिले पाणी तांबडे येऊन थोड्या वेळाने स्वच्छ येऊ लागले, तर दोष नळीचा. पाणी नळातून स्वच्छ आले, पण हंड्यात तासभर राहिल्यावर तांबूस झाले व तळाशी गाळ बसला, तर दोष उद्भवाचा. जमिनीखाली हवेचा संपर्क नसल्याने लोह विरघळलेल्या स्थितीत असते. हवा लागताच त्याचा गंज होऊन ते निराळे पडते. लोहयुक्त पाण्याचा चहा काळसर होतो व हिरड्याचे चूर्ण टाकल्यास पाणी निळसर काळे पडते. घरगुती परीक्षेस एवढे पुरे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लोहाचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. ते थोडे वाढल्याने चव बिघडते, कपड्यांवर व भांड्यांवर डाग पडतात. सहसा आजार होत नाही. पाणी उंचावरून घागरीत ओतून त्यास हवा लागू द्यावी, रात्रभर निवळू द्यावे व वरचे पाणी स्वच्छ दाट कापडातून गाळून घ्यावे. त्याने लोह पुष्कळ कमी होते. मात्र जंतू मरत नाहीत, हे विसरू नये.

कुजक्या अंड्यासारखा वास

रत्नागिरी भागात जांभ्याच्या थराखाली काही ठिकाणी लिग्नाइटयुक्त काळी चिकणमाती लागते. हवा न पोहोचणाऱ्या अशा थरांतील पाण्यास गंधकजन्य वायूचा वास येऊ शकतो. तो पाणी उघडे ठेवल्यावर उडून जातो. परंतु पूर्वी कधी नसलेला वास एकाएकी येऊ लागला व त्याबरोबर पाण्यास गढूळपणाही आला, तर गटाराचे पाणी नळमार्गात शिरले असण्याचा संभव धरावा आणि खात्री होईपर्यंत ते पाणी पिण्यास घेऊ नये.

वैशाखातील खारटपणा

गोडे पाणी समुद्राच्या पाण्याहून हलके असल्याने किनाऱ्याजवळच्या जमिनीत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ फूट उंच असेल, तर त्याखाली सुमारे ४० फूट जाडीचा गोड्या पाण्याचा थर असतो, असा ढोबळ नियम आहे. याचा दुसरा अर्थ असा की, उपशाने पातळी १ फूट उतरली तर खारे पाणी कालांतराने ४० फूट वर सरकू शकते. माघ-फाल्गुनापासून झरे आटतात, उपसा मात्र वाढतो आणि चैत्र-वैशाखात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात क्लोराइड सुमारे १९,००० मिलिग्रॅम असते. गोड्या पाण्यात ते केवळ दोन टक्के मिसळले तरी क्लोराइड ३८० मिलिग्रॅमने वाढते. मानकाची इष्ट मर्यादा २५० मिलिग्रॅमची आहे. खारटपणा अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाबरोबर वाढत असेल, तर उद्भवाचा खाडीशी संबंध आला असे समजावे. पाणी उकळून खारटपणा जात नाही. उलट वाफ उडून गेल्याने तो किंचित वाढतो. उपाय उद्भवाच्या ठिकाणीच करावयास हवा : एकदम भरमसाट उपसा न करता तो थोडा थोडा, वेळ वाटून करावा. पावसाळा संपताच पऱ्ह्यांवर वनराई बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवावे. छपराचे पाणीही साठविण्याजोगे आहे. ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो तेथे ५० चौरस मीटरच्या छपरावर दीड लाख लिटर पाणी पडते. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी सव्वा लाखाच्या जवळपास हाती राहते.

औषधाचा वास

पाण्यास 'औषधाचा' वास येतो अशी तक्रार वारंवार केली जाते. वस्तुतः हा क्लोरीनचा मंद वास पाण्याच्या रक्षणाची खूण आहे. नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असा दंडक आहे. पावसाच्या आरंभी हा वास अजिबात येईनासा झाला, तर तक्रार तेव्हा करावी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाजवळील चाचणी-द्रावणाचे थेंब पाण्यात टाकले असता क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. विरंजक चूर्ण दमट हवेत आपले बळ लवकर गमावते. कोकणात ते बंद डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवणे अगत्याचे आहे.

न दिसणारा दोष

आता सर्वांत महत्त्वाच्या दोषाकडे वळू. नळी रिकामी होत असताना तिच्यात शोषण उत्पन्न होते. नळीस भेग असली व ती गटारातून किंवा शेणखताच्या खड्ड्याजवळून जात असली, तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत ही घाण घरोघरी पोहोचते; पण ती इतकी विरळ झालेली असते की रंगावरून ओळखू येत नाही.

याचे भयंकर उदाहरण आपल्या देशात घडलेले आहे. १९५५ च्या पुरानंतर दिल्ली येथे यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत मागे आले. जलकेंद्रात तुरटी व क्लोरीन यांची मात्रा वाढविण्यात आली. त्यामुळे विषमज्वर व हगवण यांची साथ टळली; परंतु डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ही कावीळ 'ई' प्रकारच्या विषाणूची होती, हे पुढे जतन केलेल्या रक्तनमुन्यांवरून सिद्ध झाले. गर्भवती स्त्रियांस या विषाणूपासून विशेष धोका असतो. उद्भव बिघडल्यावर केवळ औषधावर विसंबता येत नाही, हा त्यातील धडा होय.

उद्भव बदलल्याने नळ्याही बिघडू शकतात. अमेरिकेतील फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये सरोवराचे पाणी सोडून नदीचे पाणी घेतले, पण नळ्यांची झीज रोखणारे द्रव्य त्यात घातले नाही. पाणी तांबडे येऊ लागले. लोकांनी तक्रारी केल्या, तेव्हा पाणी सुरक्षित असल्याचे त्यांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात जुन्या नळ्यांतील शिसे पाण्यात उतरत होते. येथे तांबडा रंग स्वतः घातक नव्हता, पण घातक गोष्टीची सूचना देत होता. उन्हाळ्यात आपल्या गावी उद्भव बदलला जातो किंवा टाकीत टँकरचे पाणी घेतले जाते, तेव्हा पहिले काही दिवस पाण्यावर अधिक लक्ष ठेवावे.

शेती व पशुपालनाच्या दृष्टीने

परसबागेस क्लोरीनयुक्त नळाच्या पाण्याने अपाय होत नाही. मचूळ पाणी नारळास बरेच सोसते. घेवड्यासारखी पिके व आंब्याची कोवळी कलमे यांस ते सोसत नाही, पानांची टोके व कडा करपतात. असे पाणी द्यावेच लागले तर पानांवर न शिंपडता बुंध्याशी द्यावे. लोहयुक्त पाण्याने ठिबक संचाची छिद्रे बुजतात. ते आधी टाकीत निवळून घ्यावे. गढूळ पाण्यात काही तणनाशके मातीच्या कणांस चिकटून निष्प्रभ होतात, म्हणून फवारणीस निवळ पाणीच वापरावे. कोंबड्यांना पाण्यातून जिवंत लस द्यावयाची असल्यास क्लोरीनयुक्त पाणी वापरू नये. क्लोरीनने लस निकामी होते. याउलट दुधाची भांडी मात्र जंतुरहित पाण्यानेच विसळावीत, कारण पाण्यातील जंतूंना दुधात भरपूर पोषण मिळते.

काय करावे

पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी न भरता झाडांना घालावे. नंतरचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन पांढऱ्या कागदासमोर पाहावे, वास घ्यावा व तासाभराने पुन्हा पाहावे. संशय असल्यास चव घेऊ नये. बदल दिसल्याचा दिवस, वेळ व पाऊस अथवा उधाण यांची नोंद भिंतीवरील दिनदर्शिकेवर करावी. शेजारच्या चार घरांत विचारावे. चार घरांची नोंद एकत्र झाली की दोष नळमार्गाच्या कोणत्या भागात आहे हे बहुधा उघड होते.

गढूळ पाणी प्रथम तुरटी फिरवून निवळावे व गाळावे, मगच औषध घालावे. गढूळपणात क्लोरीन व्यर्थ खर्ची पडतो. ३३ टक्के क्लोरीन असलेले ताजे विरंजक चूर्ण हजार लिटर निवळ पाण्यास अडीच ग्रॅम घातल्यास लिटरमागे सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी वापरू नये. औषध उपलब्ध नसेल तर पाण्यास खळखळून उकळी आणावी, ती किमान एक मिनिट राहू द्यावी व पाणी झाकून ठेवावे.

जलजीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच महिलांस पाणी तपासणीचे शिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या गावी ही साधनपेटी कोणाजवळ आहे याची चौकशी करावी. मैलाजन्य जंतूंसाठी असलेली बाटली पाणी भरून ठेवल्यावर एकदोन दिवसांत काळी पडली, तर ते पाणी दूषित समजून ताबडतोब ग्रामपंचायतीस व आरोग्य केंद्रास कळवावे आणि नमुना प्रयोगशाळेत धाडावा. वर्षातून दोन वेळा, म्हणजे मृगाचा पाऊस पडल्यानंतर व वैशाखात, पाणी स्वच्छ दिसत असले तरीही नमुना तपासून घ्यावा. जयगडसारख्या खाडीकाठच्या गावी पहिल्या तपासणीत जंतूंचा व दुसरीत क्षाराचा पत्ता लागेल. आणि दोन्ही दोष कुटुंबास आजार होण्यापूर्वी हाती येतील.